‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ : तंबाखूच्या उपचारात निर्णयाचा कर्ता

तंबाखू सोडविण्यासाठी मराठीत जे साहित्य गेल्या दोन दशकांत निर्माण झाले, त्याची परीक्षा आजवर मुख्यतः वैद्यकाच्या कसोटीवर झाली आहे. दिलेली माहिती खरी आहे काय, सांगितलेला उपाय गुणकारी आहे काय, एवढेच प्रश्न त्याला विचारले गेले. ते विचारणे योग्यच होते. परंतु पत्रक असो, वेष्टनावरील इशारा असो की दवाखान्यातील चार मिनिटांचे बोलणे असो, ते अखेर वाक्यांचे बनलेले असते. वाक्यात क्रियापद असते आणि क्रियापदाला कर्ता असतो. तंबाखू सोडण्याच्या निर्णयाचा कर्ता कोण, वैद्य की रुग्ण, हा प्रश्न आरोग्यशास्त्रात आज मोठ्या आग्रहाने विचारला जात आहे. मराठी उपचारभाषेने त्याला दिलेले उत्तर मात्र तिच्या व्याकरणात शोधावे लागते, कारण तिच्या घोषणांत ते सापडत नाही.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होते आणि त्यातील फार मोठा भाग धूरविरहित तंबाखूचा होता. त्याच सर्वेक्षणातील आणखी दोन आकडे विचारात घेण्याजोगे आहेत. आदल्या बारा महिन्यांत वैद्यकीय सेवकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना तंबाखू सोडण्याचा सल्ला मिळाला होता. तोंडातील तंबाखू वापरणाऱ्यांपैकी तो फक्त ३१.७ टक्क्यांना मिळाला. म्हणजे ज्या प्रांतात तंबाखू मुख्यतः गालात धरली जाते, तेथे उपचाराची भाषा मात्र प्रामुख्याने सिगारेट समोर ठेवून घडली आहे.

ह्याचा पहिला परिणाम प्रश्नाच्या शब्दयोजनेत दिसतो. एकाच पदार्थासाठी मराठीत क्रियापदे किती आहेत! विडी ओढतात, तंबाखू मळतात, खातात, तिचा बार भरतात, मशेरी लावतात, तपकीर ओढतात, विदर्भात खर्रा घोटतात आणि मग खातात. ह्या सर्वांवर एकच पांघरूण घालण्यासाठी छापील प्रश्नावली ‘सेवन’ हा शब्द वापरते, आणि घाईत असलेला वैद्य त्याचा अनुवाद ‘तंबाखू खाता का?’ असा करतो. तव्यावर भाजून केलेली मशेरी सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावणारी स्त्री ह्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणते, आणि तिचे उत्तर तिच्या भाषेत पूर्णपणे खरे असते. ती तंबाखू खात नाही, मशेरी लावते. तिच्या लेखी ते दात घासणे आहे. कागदावर तिची नोंद तंबाखू न वापरणारी अशी होते आणि पुढचा सारा संवाद जन्मण्यापूर्वीच संपतो. रुग्णाला निर्णयात सामावून घेण्याची गोष्ट सामान्यतः उपचाराच्या शेवटच्या टप्प्याशी जोडली जाते. पण ज्या संवादाचा पहिला प्रश्नच रुग्णाच्या क्रियापदात विचारलेला नाही, त्याच्या शेवटी तिला कोणता वाटा मिळणार?

विचारणे ही उपचारपद्धतीतील पहिली पायरी होय. तंबाखू सोडविण्याची जी पद्धत जगभर शिकविली जाते, ती अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या मार्गदर्शिकेतून आली. तिची अद्ययावत आवृत्ती २००८ सालची. तिच्या पाच पायऱ्या मराठीत मांडायच्या तर अशा: विचारणे, सल्ला देणे, तयारी अजमावणे, साहाय्य करणे, पुढील भेटीची व्यवस्था लावणे. ह्या पाचही क्रियांचा कर्ता वैद्य आहे. रुग्ण कोठे कर्म आहे, कोठे संप्रदान; कर्ता तो एकदाही नाही. त्याची ‘तयारी’ देखील त्याने सांगायची नसून दुसऱ्याने अजमावायची आहे. न्यायाची गोष्ट म्हणून हे सांगितले पाहिजे की ह्याच मार्गदर्शिकेत अनुत्सुक रुग्णांसाठी प्रेरक संवादाची तत्त्वे समाविष्ट आहेत, आणि त्या तत्त्वांत रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांना मोठे स्थान आहे. परंतु प्रशिक्षणात लक्षात राहतात त्या पाच पायऱ्या. अनुप्रासाची सोय असलेली सूत्रे मूळ विचारापेक्षा दूर प्रवास करतात, हा अनुभव व्याकरणाच्या अभ्यासकांना नवा नाही.

ह्याला समांतर असा दुसरा प्रवाह आहे तो सहभागी निर्णयाचा. १९८२ साली अमेरिकेतील वैद्यकीय नीतिविषयक राष्ट्राध्यक्षीय आयोगाने ही संकल्पना पुढे मांडली. १९९७ साली कॅनडातील चार्ल्स, गफ्नी आणि व्हेलन ह्यांनी तिच्या अटी निश्चित केल्या: किमान दोन सहभागी हवेत, माहितीची देवाणघेवाण दुतर्फा हवी, दोघांनीही एकमतासाठी पावले टाकायला हवीत आणि ठरलेल्या उपचाराला दोघांची मान्यता हवी. पुढे ग्लिन एल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ह्या प्रक्रियेचे तीन टप्पे कल्पिले, ते तिन्ही ‘बोलण्या’चे: निवड असल्याचे बोलणे, पर्यायांविषयी बोलणे, निर्णयाविषयी बोलणे. २०१७ च्या सुधारित मांडणीत पहिल्या टप्प्याचे नाव बदलले. निवडीच्या जागी दोघांनी मिळून काम करण्याची कल्पना आली. एका शब्दाचा हा बदल क्षुल्लक नाही. तुझ्यापुढे निवड आहे, असे सांगून बाजूला होणारा वैद्य आणि निवड करताना शेजारी बसणारा वैद्य, हे दोन वेगळे होत.

आता मूळ क्रियापदाकडे वळले पाहिजे. मराठीतील ‘सुट’ आणि ‘सोड’ ही धातूंची जोडी ‘तुट–तोड’, ‘फुट–फोड’ ह्यांच्या कुळातली. पहिला अकर्मक, दुसरा सकर्मक. तंबाखूच्या संदर्भात ह्या कुळातून चार प्रकारची वाक्ये निघतात. ‘त्याने तंबाखू सोडली’ येथे मनुष्य कर्ता आहे. ‘त्याची तंबाखू सुटली’ येथे कर्तेपद तंबाखूकडे जाते आणि मनुष्य षष्ठीत, मालकाच्या नाममात्र जागेवर, उरतो. ‘मला तंबाखू सोडवत नाही’ हा शक्य क्रियापदाचा प्रयोग; मोरो केशव दामले ह्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) ह्या ग्रंथात ज्यांचा विचार केला त्यांपैकी एक. येथे मनुष्य आहे, त्याची इच्छाही आहे, पण सामर्थ्य नाही. आणि चौथे, ‘डॉक्टर, एवढी तंबाखू सोडवा’, हे प्रयोजक: क्रिया एकाची, करविता दुसरा. शेवटच्या दोन्हींत ‘सोडव’ हे एकच रूप यावे, एकदा असामर्थ्य सांगण्यासाठी आणि एकदा मदत मागण्यासाठी, हा योगायोग असेल. पण रुग्णाच्या तोंडी ही दोन वाक्ये बहुधा एकापाठोपाठच येतात.

दवाखान्यात सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य मात्र ह्या सर्वांहून साधे आहे: ‘सुटत नाही हो.’ ते ऐकताच उत्तर येते, ‘मनावर घेतलं की सुटते.’ वैद्याने हे वाक्य सबब म्हणून ऐकले, हे उघड आहे. त्याच्या कानाने ‘सुटत नाही’चे ‘सोडत नाही’ असे रूपांतर करून घेतले, आणि वर्णनाचा आरोप झाला. वस्तुतः निकोटीनच्या अवलंबित्वाचे इतके नेमके वर्णन शास्त्रीय परिभाषेलाही साधलेले नाही. फॅगरस्ट्रॉम ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९९१ साली सुधारलेल्या प्रश्नावलीतील पहिला प्रश्न काय आहे? झोपेतून उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने ओढली जाते. हा प्रश्न निश्चयाचा नाही. रात्रभराच्या उपवासानंतर शरीर किती वेळ धीर धरते, ह्याचा आहे. म्हणजेच ‘सुटत नाही’ ह्याचे ते मापन आहे. रुग्णाचे वाक्य निदान होते. वैद्याने ते चारित्र्य म्हणून वाचले.

ह्यातून उलट टोकाचा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. सारेच ‘सुटणे’ असते तर निर्णयाचा प्रश्नच उरला नसता. औषधाने ‘सुटत नाही’ची धार बोथट होते; ‘सोडतो’ हे वाक्य मात्र कोणत्याही गोळीला उच्चारता येत नाही. दोन्ही क्रियापदांना त्यांची त्यांची जागा देणारी भाषा हवी. उपलब्ध पत्रके ह्या बाबतीत विलक्षण एकसुरी आहेत: रोगांची यादी, मग दृढ निश्चयाचे आवाहन, शेवटी आज्ञार्थ. २०१८ पासून तंबाखूच्या वेष्टनावर इशाऱ्याबरोबर आजच सोडण्याची आज्ञा आणि १८००-११-२३५६ हा दूरध्वनी क्रमांक छापला जातो. वेष्टनाला एवढीच जागा असते, हे मान्य. तेथे आज्ञार्थ शोभतो. दवाखाना म्हणजे वेष्टन नव्हे, एवढेच लक्षात ठेवायचे.

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे उपस्थित होतो आणि तो हलका नाही. सहभागी निर्णयाची कल्पना जेथे दोन रास्त मार्ग असतात तेथे अर्थपूर्ण ठरते: शस्त्रक्रिया करावी की औषधावर राहावे, अशा ठिकाणी. तंबाखूच्या बाबतीत एकच उत्तर बरोबर आहे. मग रुग्णाशी विचारविनिमय कशाचा? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. वैद्याने येथे तटस्थतेचा आव आणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण शस्त्रक्रियेची संमती रुग्ण एकदा देतो आणि क्रिया दुसरा करतो. तंबाखू सोडण्याची क्रिया मात्र रुग्णाला स्वतः, दिवसातून वीस वेळा, वैद्याच्या गैरहजेरीत करावी लागते. येथे कर्तेपद देण्याचा वा न देण्याचा अधिकारच वैद्याकडे नाही. ते रुग्णाकडे आहेच. शिवाय ‘सोडावी काय’ ह्याचे उत्तर एक असले तरी ‘कशी’ ह्याची उत्तरे अनेक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत धूम्रपानासाठी व्हॅरेनिक्लीन, निकोटीन-पर्याय, ब्युप्रोपिऑन आणि सिटिसिन ही औषधे आहेत. धूरविरहित तंबाखूसाठी व्हॅरेनिक्लीन किंवा निकोटीन-पर्याय, आणि दोन्हींच्या जोडीला संवादाचे साहाय्य.

निकोटीनच्या गमचेच उदाहरण घ्यावे. तो नेहमीच्या च्युइंगमप्रमाणे सतत चघळायचा नसतो. थोडा चावून चव उतरली की गालात धरून ठेवायचा, मग पुन्हा चावायचा. सिगारेट ओढणाऱ्याला हे तंत्र शिकवावे लागते. तीस वर्षे दाढेशी बार धरलेल्या माणसाला ते वैद्यापेक्षा अधिक समजते. अपरिचित असते ते एवढेच की येथे पिंक टाकायची नाही. चहाकॉफीसारखी पेये गमच्या आधी घेतली तर तोंडातून होणारे शोषण घटते, म्हणून पंधरा मिनिटांचे अंतर सांगितले जाते. आता ज्याची तंबाखू प्रत्येक चहापाठोपाठ येते, त्याच्यासाठी ही सूचना म्हणजे सगळ्या दिवसाची फेररचना आहे. ती रचना वैद्य करू शकत नाही, कारण तो दिवस त्याच्या माहितीचा नाही. चहा हलवायचा की गम, हे ठरविण्यासाठी लागणारी माहिती फक्त रुग्णाजवळ असते. दुतर्फा देवाणघेवाणीची अट येथे सौजन्याची राहत नाही, तांत्रिक होते.

ह्याहून अवघड प्रसंग पसंती आणि पुरावा ह्यांच्या विरोधाचा. बहुतेकांना तंबाखू ‘हळूहळू’ सोडायची असते. इंग्लंडमधील ६९७ धूम्रपान करणाऱ्यांवरील एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत ठरल्या दिवशी एकदम सोडणाऱ्या गटातील ४९ टक्के लोक चार आठवड्यांनी तंबाखूपासून दूर होते. आधी प्रमाण कमी करीत आणणाऱ्या गटात ३९.२ टक्के. सहा महिन्यांनी हेच आकडे २२ आणि १५.५ झाले. तरीही सहभागी झालेल्यांत हळूहळू सोडण्याची पसंती असणारेच अधिक होते. आणि अशी पसंती असणाऱ्यांना, ते कोणत्याही गटात पडले तरी, यश कमी आले. २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेत मात्र अनेक चाचण्या एकत्र पाहता दोन मार्गांत ठळक फरक आढळला नाही. मग रुग्णाच्या पसंतीला मान द्यावा की नाही? ह्या वादात एक भाषिक बारकावा सहसा दुर्लक्षित राहतो. त्या चाचणीतील ‘हळूहळू’ म्हणजे दोन आठवड्यांत पाऊण भाग कमी करणे. रुग्णाच्या तोंडच्या ‘हळूहळू’ला अशी मुदत नसते, त्याचा अर्थ कित्येकदा ‘आज नको’ एवढाच असतो. शब्द एक, काळ दोन. वैद्याने त्या शब्दाला मान दिला वा नाकारला, तरी त्याचा अर्थ विचारला नाही तर दोन्ही गोष्टी सारख्याच पोकळ. हे पुरावे धूम्रपानाविषयीचे असून गुटखा वा खर्रा ह्यांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हेही रुग्णाला सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

मराठीला सहभागी निर्णयाची व्याकरणिक साधने अपुरी आहेत काय? उलट आहे. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेदच नाही. मराठीत श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि श्रोत्याला सामावणारे ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत; शिवाय ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही काम करते आणि ‘स्वतः’ ह्या अर्थाचेही. सहभागाची कल्पना एका सर्वनामात इतक्या पदरांनी बाळगणाऱ्या भाषा थोड्या असतील. पण दवाखान्यातील ‘आपण’ ऐकावे: ‘आता आपण गोळी सुरू करू.’ ‘आपण आठवड्यानं पुन्हा बघू.’ गोळी एकजण लिहितो, दुसरा घेतो. निर्णय वाक्यापूर्वी झालेला आहे. ‘आपण’ हे केवळ त्याच्यावर घातलेले मऊ आवरण. ‘आम्ही तुम्हाला गोळी देतो’ हे वाक्य त्या मानाने रुक्ष, पण खरे. समावेशक सर्वनामाचा असा उपयोग हा सहभागाचा आरंभ नसून त्याचा पर्याय होऊन बसला आहे, आणि म्हणूनच तो आज्ञार्थापेक्षा अधिक काळजीपूर्वक तपासला पाहिजे. आज्ञेला ‘नाही’ म्हणता येते. ‘आपण’ला नाही म्हणणे म्हणजे स्वतःलाच नाकारणे.

दुसरी लकब ‘-आयचे’ ह्या रूपाची. ‘सकाळी एक घ्यायची, तंबाखू बंद करायची, पंधरा दिवसांनी यायचं.’ तिन्ही वाक्यांत कर्ता उच्चारलेला नाही, सांगणारा नाही, कारण नाही. कर्तव्य जणू आभाळातून पडते. औषधाची मात्रा सांगताना हे रूप सोयीचे आहे. पण त्याच सुरात, त्याच श्वासात ‘तंबाखू बंद करायची’ हेही यावे, म्हणजे वीस वर्षांच्या सवयीला एका गोळीचे वजन मिळते. येथे प्रश्नार्थी रूप घालून पाहावे: ‘कुठली वेळची तंबाखू सोडणं सगळ्यात जड जाईल?’ ह्या वाक्याला उत्तर द्यायचे तर रुग्णाला कर्ता व्हावेच लागते.

परिभाषेचा विचार येथे थोडक्यात पुरे. ‘समुपदेशन’ ह्या प्रचलित संज्ञेच्या पोटात ‘उपदेश’ शाबूत आहे, आणि उपसर्गाने तो सौम्य होण्याऐवजी संपूर्ण झाला आहे. ‘सल्लामसलत’ हा जुना जोडशब्द अधिक योग्य ठरला असता. एकाच अरबी धातूपासून निघालेली ही दोन पदे मराठीत दुतर्फी व्यवहार सुचवितात. बखरींतील मसलत ही एकट्याने करावयाची गोष्ट नव्हती. ‘व्यसन’ शब्दाचा मूळ अर्थ आपत्ती. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात राज्यावरील संकटे आणि राजाचे दुर्गुण ही दोन्ही ह्याच नावाखाली घेतली आहेत. आपत्तीत सापडलेल्याला मदत करतात. ‘व्यसनी’ला आज फक्त उपदेश करतात. आणि ‘व्यसनमुक्ती’तील मुक्तीला मोक्षाचा वास असल्यामुळे तीत पायऱ्या नाहीत: माणूस मुक्त तरी असतो किंवा बद्ध तरी. पाच वेळा सोडून पाच वेळा पुन्हा धरलेल्या माणसाचे अनुभव, म्हणजे पुढचा मार्ग निवडण्यासाठीची सर्वांत मौल्यवान सामग्री, ह्या शब्दाच्या हिशेबी केवळ पाच पराभव ठरतात.

राहता राहिला तो रुग्ण, जो निर्णय नको म्हणतो. ‘तुम्ही सांगाल तसं, डॉक्टर.’ हे वाक्य महाराष्ट्रात इतके सार्वत्रिक आहे की सहभागाची सारी कल्पनाच परकी असल्याचा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. तो घाईचा आहे. हे वाक्य आदराचे आहे, कित्येकदा भीतीचे आणि बाहेर लागलेल्या रांगेच्या जाणिवेचेही. आणि कधी कधी ते खरोखरच सुपूर्द केलेला निर्णय असते. निर्णय दुसऱ्यावर सोपविणे हाही निर्णय आहे. रुग्णावर निवड लादणारा वैद्य त्यालाच नाकारतो. पण कोणता निर्णय सोपविला हे पाहावे लागते. गोळी कोणती, हे सोपविता येते. उद्या पहाटे शेतावर जाताना चंची घरी ठेवायची की बरोबर, हे सोपविता येत नाही.

आणि दुसरे उत्तर, ‘बघतो’. नोंदवहीत ह्यासाठी रकाना नसतो. तेथे ‘इच्छुक’ आणि ‘अनिच्छुक’ एवढेच दोन. ‘बघतो’ म्हणणारा बहुधा दुसऱ्यात जातो. त्याला ‘काय बघणार?’ असे कोणी विचारले तर उत्तरे बरीच ठोस येतात: मुलीचे लग्न पार पडल्यावर, पोळा झाल्यावर, ऊसतोडणीचा हंगाम संपल्यावर. अमेरिकी मार्गदर्शिका रुग्णाने सोडण्याची तारीख ठरवावी असे म्हणते, शक्यतो दोन आठवड्यांच्या आतली. हंगाम संपायला चार महिने असतील तर ती त्या मर्यादेत बसत नाही. पण ती तारीख आहे, तिला कारण आहे, आणि ती रुग्णाने स्वतः सांगितली आहे. रात्रीच्या तोडणीत आणि मोळ्या वाहताना तंबाखू काय काम करते, त्या चार महिन्यांत कोणता बार सर्वांत आधी गाळता येईल, आणि गावापासून दूर फडावर असताना गम मिळणार कोठून, हे त्याला अजून कोणी विचारलेले नसते.